उद्याची खात्री नसताना बाप्तिस्मा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आदरणीय ताई, माझं वय 42. गेली दोन वर्षं मी बायबल वाचतो आहे, एका मंडळीच्या उपासनेलाही जातो. येशूवर माझा विश्वास बसला आहे, एवढं मी प्रामाणिकपणे म्हणू शकतो. पाळक म्हणतात, आता बाप्तिस्म्याचा विचार करा. पण बाप्तिस्मा म्हणजे मरेपर्यंत दिलेला शब्द, आणि मी स्वतःला चांगला ओळखतो. व्यायाम, सतार, परभाषेचा वर्ग, सगळं हौसेनं सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं. दहा वर्षांनी विश्वासही असाच विरून गेला तर? तेव्हा मी देवाला फसवलं असं होईल. शिवाय पत्नीला यात रस नाही. मी 'कुणीतरी वेगळाच' होऊन बसेन, अशी तिला भीती वाटते. थांबावं की पुढं जावं?

उत्तर : थांबावं की पुढं जावं, याचं उत्तर मी देणार नाही. तो निर्णय तुमचा, आणि तो मासिकातल्या सल्ल्यावर घेऊही नये. मात्र तुमच्या भीतीत दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. त्या सुट्या करायला मदत करते.

मी स्वतः विशीत, कळत्या वयात बाप्तिस्मा घेतला. आता सत्तरी ओलांडली आहे. मधल्या काळात आमच्या मंडळीत बाप्तिस्म्याच्या तयारीचे वर्ग बरीच वर्षं घेतले. तुमच्यासारखी चाचरणारी माणसं वर्गात आली की मला काळजी वाटत नसे. काळजी वाटे ती 'ताई, काही झालं तरी मी मागं फिरणार नाही' असं छातीठोकपणे सांगणाऱ्याची. शुभवर्तमानात अगदी हेच बोलणारा एक जण आहे. 'आपल्याबरोबर मरावं लागलं तरी आपल्याला नाकारणार नाही,' असं पेत्र म्हणाला, आणि कोंबडा आरवायच्या आत त्यानं तीनदा नाकारलं. त्यातही एकदा समोर होती ती फक्त एक दासी. तलवार नव्हती, शिपाई नव्हता.

तुम्ही स्वतःचा हिशेब मांडलात, ते योग्यच केलंत. येशूनंच तो मांडायला सांगितला आहे. लूकच्या चौदाव्या अध्यायात लोकांचा मोठा जमाव त्याच्यामागून चालला आहे, आणि तो वळून त्यांना विचारतो : बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज कोण घेत नाही? पाया घालून काम अडलं तर बघणारे हसतील. बहुतेक जण इथंच थांबतात आणि अर्थ काढतात की गाठीला पुरेसं असेल तरच सुरू कर. पण जरा पुढं, 33व्या वचनापर्यंत या. तिथं तो म्हणतो, जो आपल्या सर्वस्वाचा निरोप घेत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही. म्हणजे हिशेबाचा शेवट 'पुरेल' किंवा 'पुरणार नाही' असा होतच नाही. जे काही गाठीला आहे ते आपल्या हातात ठेवायचं नाही, असा तो होतो. तुम्ही मोजताय ती तुमची चिकाटी. सतार त्या चिकाटीवर उभी होती, म्हणून ती संपल्यावर सतारही संपली. बाप्तिस्म्यात देव तुमची चिकाटी गहाण ठेवून घेत नाही.

बाप्तिस्म्याच्या वेळी नेमकं काय विचारतात ते तुमच्या पाळकांकडून आधीच मागून घ्या आणि घरी शांतपणे वाचा. मंडळीगणिक शब्द वेगळे असतात, गाभा जुनाच आहे : सैतानाला आणि त्याच्या कृत्यांना नाकारतोस का, ख्रिस्ताकडे वळतोस का, पित्यावर, पुत्रावर आणि पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवतोस का. चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये उमेदवाराला पश्चिमेकडे तोंड करून उभं करत. तिकडं हात पसरून तो सैतानाला नाकारायचा, मग पूर्वेकडे वळून विश्वास कबूल करायचा. पाठ फिरवणं शब्दशः अंगानं करायचं होतं. मला ही पद्धत फार आवडते. बऱ्याच मंडळ्यांमध्ये नंतर पुढच्या आयुष्याविषयी काही प्रश्न येतात : उपासनेत आणि सहभागितेत टिकून राहशील का, पापात पडलास तर पश्चात्ताप करून परत येशील का. हा दुसरा प्रश्न पुन्हा वाचा. पडण्याची शक्यता शपथेतच धरलेली आहे! आणि त्याचं उत्तर नुसतं 'होय' नसतं, 'देवाच्या साहाय्यानं, होय' असं असतं. वर्गात मी हे मोठ्यानं म्हणवून घेत असे, कारण लोक नेमके पहिले दोन शब्द पुटपुटतात आणि 'होय' ठणकावून सांगतात.

आता विश्वास विरून जाण्याचं. तुम्हाला भीती आहे ती भावना ओसरण्याची, असा माझा अंदाज आहे. ती ओसरणार. तेवढ्यापुरतं मी खात्रीनं सांगते. पहिल्या वर्षी प्रार्थना करताना डोळे भरून येतात, स्तोत्रं आपल्यासाठीच लिहिल्यासारखी वाटतात. मग कधीतरी ते थांबतं आणि खरा रोजचा भाग सुरू होतो. ज्याच्याशी आपलं बोलणं बंद आहे तोच रविवारी शेजारच्या बाकावर येऊन बसतो, आणि दोघांनी मिळून म्हणायचं असतं, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' खोटं बोललं तर फायदा आहे आणि कुणाला कळणारही नाही, अशा ठिकाणी खरं बोलायचं असतं. आपल्याला न आवडणाऱ्या आजारी माणसाला भेटायला जायचं असतं. पैसे द्यायचे असतात, तेही उरल्यासुरल्यातून नव्हे. मंडळीच्या वार्षिक सभेत तर माणसं खुर्च्यांच्या खरेदीवरून अशी भांडतात की विचारू नका, आणि पुढच्या रविवारी त्यांच्याच बरोबर प्रभूभोजनाला जायचं असतं. दररोज आपला वधस्तंभ उचलून मागं ये, असं लूक 9:23 मध्ये म्हटलं आहे. लोकांना वधस्तंभ म्हटलं की हौतात्म्य आठवतं. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा सभेतल्या खुर्च्याच आल्या.

हौतात्म्यही आहेच. स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प याला दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमी अधिकाऱ्यानं सांगितलं, ख्रिस्ताला शिव्या दे, सोडून देतो. तो म्हणाला, 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्यानं माझं काही वाईट केलं नाही; मग माझ्या राजाची, माझ्या तारणाऱ्याची निंदा कशी करू? त्याला जाळलं. या उत्तरात निग्रहाची भाषा नाही, हे पाहा. 'मी सोडणार नाही' असं तो म्हणत नाही. इतक्या वर्षांची ओळख आहे, तिला जागतो एवढंच. अशी ओळख तुमच्याजवळ आज असणार नाही. ती असावी अशी मागणीही कुणी करत नाही.

आणि देव जवळ असल्याची जाणीवच उरली नाही तर? मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांच्या आत जवळजवळ काळोखच होता. पहाटेची प्रार्थना आणि दिवसभराचं काम मात्र चालू होतं. मी काही मदर तेरेसा नाही. माझे पती गेले तेव्हा मला प्रार्थनेचं एक वाक्यही सुचेना, आणि सुचावं अशी इच्छाही होईना. मी मागच्या बाकावर जाऊन बसत असे. बाकीचे विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, म्हणायचे, मी ऐकायची. एक म्हातारे गृहस्थ माझ्या बाजूला बसून ते जरा मोठ्यानं म्हणत, जणू माझ्याही वाटचं. मला कुणी 'तुझा विश्वास कुठं गेला' असं विचारलं नाही, याबद्दल मी त्या मंडळीची आजही ऋणी आहे. तुम्ही तुमची मंडळी निवडताना एवढं जरूर बघा : न बोलणाऱ्या माणसाला तिथं बसू देतात का?

यापुढची पायरी म्हणजे खरंच सोडून जाणं. तेही घडतं. 250 साली सम्राट डेशियसनं सगळ्यांना देवतांपुढं यज्ञ करून तसा दाखला घ्यायला लावलं, तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये ख्रिस्ती लोकांची रीघ लागली. काहींनी यज्ञ केला, काहींनी लाच देऊन नुसताच दाखला मिळवला. छळ थांबल्यावर हीच माणसं रडत परत आली. रोममध्ये नोवेशियन नावाच्या पाळकाचं म्हणणं पडलं की यांना मंडळीत पुन्हा जागा नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि 251 सालची तिथली धर्मसभा यांनी मधला मार्ग काढला : पश्चात्तापाचा काळ घालवावा लागेल, पण दार बंद नाही. मंडळीनं पुढं जो रस्ता धरला तो सिप्रियनचा.

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायातली लागोपाठची दोन वचनंही वाचा. दहाव्यात पौल म्हणतो की देमास मला सोडून गेला, त्याला हे जग प्रिय वाटलं. अकराव्यात म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. हा मार्क म्हणजे पहिल्याच प्रवासात पंफुल्यातून पाठ फिरवून गेलेला तरुण. त्याला पुन्हा बरोबर घ्यायचं की नाही यावरून पौलाचं आणि त्याचा प्रवासातला सोबती बर्णबा याचं इतकं बिनसलं की दोघं वेगळ्या वाटांनी गेले. एक निघून गेलेला आणि एक परत आलेला, शेजारी शेजारी. खऱ्या विश्वासणाऱ्याचं तारण हरवू शकतं का, यावर कॅल्व्हिनची परंपरा ('नाही' म्हणणारी) आणि वेस्लीची परंपरा ('हो' म्हणणारी) शतकानुशतकं वाद घालत आहेत. इब्री 6 (दूर गेलेल्यांना इशारा) आणि योहान 10 (माझी मेंढरं कुणी हिसकावणार नाही हे वचन) समोरासमोर ठेवून तुम्हीही घालू शकाल. माझ्या मते बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री तो वाद घालू नये.

'आयुष्य फार लांब आहे, म्हणून शेवटी घेऊ' हा उपायही जुनाच. बाप्तिस्म्यानंतर पाप झालं तर काय, या धास्तीनं चौथ्या शतकात कित्येक जण तो पुढं ढकलत. सम्राट कॉन्स्टंटाइननं 337 मध्ये, मरणाच्या थोडं आधी घेतला. हे मला कधीच पटलेलं नाही. जगायला उरलेलंच नाही तेव्हा आयुष्य देऊ करायचं म्हणजे काय? येशूशेजारी वधस्तंभावर मरता मरता विश्वास ठेवणाऱ्या चोराची गोष्ट वेगळी, त्याच्याजवळ देण्यासारखे तेवढेच तास होते.

तरीही घाई नको. प्रेषितांच्या कृत्यांत कूशी षंढाचा (इथिओपियाकडच्या राणीच्या अधिकाऱ्याचा) बाप्तिस्मा रस्त्याकडेच्या पाण्यात, भेटल्या दिवशीच झाला हे खरं. पण पुढच्या काळात काही ठिकाणी तीन वर्षांपर्यंत शिकवत, आणि त्या काळात विधवांना मान दिला का, आजाऱ्यांना भेटलास का, हे विचारत. तुमचे पाळक तारीख काढून मागं लागले असतील तर 'अजून वाचतो आहे' एवढं सांगा. आणि बाप्तिस्म्याच्या बदल्यात कुणी पैसा, नोकरी, स्थळ, काहीही पुढं करत असेल तर तिथून उठून या.

राहिली तुमची पत्नी. खरं तर तिच्यापासून सुरुवात करायला हवी होती. एखाद्याची पत्नी विश्वास ठेवणारी नसेल आणि त्याच्याजवळ राहायला राजी असेल तर त्यानं तिला सोडू नये, असं पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे. तुमचा बाप्तिस्मा तिच्यावर कुठलीही सक्ती आणत नाही. तिची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका, कारण तुम्ही वेगळे होणार आहातच. वेगळं व्हायचं नसेल तर बाप्तिस्मा कशाला? प्रश्न एवढाच की कसे वेगळे. नवे विश्वासणारे पुष्कळदा घरात असह्य होतात, हे मी वर्गात मुद्दाम सांगत असे. दर वाक्याला वचन, दर संध्याकाळी प्रार्थनासभा, आणि घरच्यांच्या श्रद्धांवर तुच्छतेचं हसू. त्यापेक्षा तुमचा राग कमी झालेला, तुम्ही आधी माफी मागायला लागलेले तिला दिसू द्या. तारीख ठरायच्या आधी तिच्याशी बोला, ठरल्यावर नव्हे. ती यायला तयार असेल तर पाळकांसमोर तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या, तुम्ही मधे बोलू नका. तिनं 'थोडं थांब' म्हटलं तर काही महिने थांबण्यानं देव रागावत नाही.

प्रश्न : माझा बाप्तिस्मा मी तान्ही असताना झाला. शब्द आईवडिलांनी दिला, मी नाही. आता मनापासून विश्वास ठेवते, तर पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा असं वाटतं. चालेल का?

उत्तर : कोणत्या मंडळीत विचारता त्यावर उत्तर अवलंबून. रोमन कॅथोलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन सांगतील की बाप्तिस्मा एकदाच, तो झाला आहे. बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल म्हणतील की जे झालं तो बाप्तिस्माच नव्हता, म्हणून 'पुन्हा' हा शब्दच लागू नाही. हा वाद पुस्तकी नाही, बरं का. 1525 च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही मोजक्या लोकांनी प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला 5 जानेवारी 1527 रोजी लिम्माट नदीत बुडवून मारलं. मारणारं नगरशासन प्रोटेस्टंटच होतं.

मी कळत्या वयात घेतलेली असले तरी माझा कल तुम्ही पुन्हा घेऊ नये याकडे आहे. तुम्हाला हवं आहे ते स्वतःच्या तोंडून म्हणणं. त्यासाठी दृढीकरण आहे, म्हणजे तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्यानं मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी. ते झालं असेल तर पुनरुत्थानाच्या सणाला बऱ्याच मंडळ्यांत बाप्तिस्म्याची वचनं सगळे मिळून पुन्हा उच्चारतात. मेथडिस्टांमध्ये वर्षातून एकदा, बहुधा नव्या वर्षाच्या सुरुवातीला, कराराची उपासना असते. ती जॉन वेस्लीनं 1755 मध्ये सुरू केली. तिच्यातल्या प्रार्थनेचा सूर असा, की मी आता माझा नाही, तुझा आहे. मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव. बाजूला ठेवलं जाण्याची तयारी मागणारी प्रार्थना मला अजून जड जाते. ती एकदा म्हणून बघा. त्यानंतरही वाटलं तर पाळकांशी बोला, मात्र ज्या आईवडिलांनी तुम्हाला उचलून पुढं नेलं त्यांनी काही चुकीचं केलं, असं ठरवून नको.

प्रश्न : मुलगा 26 वर्षांचा. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, गायनवृंदात गायचा. आता चर्चचं नाव काढलं की उठून जातो. त्याचं सगळं वाया गेलं का?

उत्तर : नाही. कॅथोलिक शिकवणुकीप्रमाणे बाप्तिस्म्याचा ठसा पुसला जात नाही, आणि इतर बहुतेक परंपरांतही सोडून गेलेल्याला परत येताना पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. तो आला तर होता तिथूनच सुरुवात होईल.

पुढं थोर ख्रिस्ती विचारवंत झालेल्या ऑगस्टिनची आई मोनिका, मुलगा विश्वासापासून दूर म्हणून, किती वर्षं रडली हे तुम्ही ऐकलं असेलच. 387 च्या पुनरुत्थान सणाला मिलानमध्ये तिथला बिशप अँब्रोझ यानं ऑगस्टिनला बाप्तिस्मा दिला. लोक ही गोष्ट धीर द्यायला सांगतात. मला तिच्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. मोनिका एका बिशपाकडे गेली, माझ्या मुलाशी बोला म्हणून हट्ट धरला, आणि त्यानं नकार दिला. तो आत्ता ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, त्याच्यासाठी प्रार्थना कर, असं तो म्हणाला.

तेव्हा पाळकांना घरी बोलावून त्याला समोर बसवू नका. तो का उठून जातो, हे मात्र एकदा विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. कदाचित त्याला प्रश्न पडले असतील. कदाचित चर्चमध्ये कुणी त्याला दुखावलं असेल, आणि तसं असेल तर ते तुम्हाला कळायलाच हवं. त्याचे मित्र घरी येत असतील तर येऊ द्या. जेवणाआधीची प्रार्थना तुम्ही नेहमीसारखी करा, त्याच्यासाठी लांबवू नका आणि त्याच्यासाठी टाळूही नका.